साठ अधिक नव्वद

आज पोलीस ठाण्यात जप्त होऊन आलेला माल, टेबलावर मांडला आहे त्याच क्रमाने, मला ठाऊक असलेल्या किमतीसह:

एक. तेलरंग, लाल, मोठा डबा, अर्धा संपलेला. तीनशे दहा.
दोन. तेलरंग, पांढरा, मोठा डबा, झाकण न उघडलेला. तोच भाव. दुकानदार दोन्हींवर मिळून वीस सोडायला तयार होता, पण आमच्या यजमानांना घासाघीस करायची लाज वाटते, म्हणून ते वीस गेले.
तीन. दिवा, तांबड्या काचेचा, बॅटरीवरचा. सहाशे पन्नास. एवढ्यात घरातले सगळे दिवे बदलून झाले असते.
चार. दोरखंड, जाड. घरचा. त्यावर माझे पांघरूण वाळत होते. ते कुठे टाकले ते यजमानांनाच ठाऊक.
पाच. कापडी मोजपट्टी, लांब. कचेरीची. फुकट.
सहा. ब्रश दोन. एक ऐंशी, दुसरा जुना.

वरील माल ओळखणारी मी, वय त्रेपन्न, शिक्षण मॅट्रिक, राहणार विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेली नोकरवर्गाची वसाहत, शेवटचे घर. "धंदा" या रकान्यात हवालदारांनी "काही नाही" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून "घर चालवणे व त्याचा हिशेब ठेवणे" असे घातले. हवालदारांचे अक्षर इतके टपोरे आहे की एका पानात चार ओळी मावतात. कागद सरकारचा असला तरी कागदच, म्हणून हा जबाब मी माझ्याच हाताने लिहीत आहे. हवालदार समोर बसून विचारत आहेत. फिर्यादी, म्हणजे माझे धाकटे दीर, बाजूच्या बाकावर बसून ऐकत आहेत. आरोपी, म्हणजे माझे यजमान, आतल्या खोलीत गजांच्या मागे आहेत. तेही ऐकत आहेत आणि आतून दुरुस्त्या सुचवत आहेत. त्या मी घेणार नाही.

तर समक्ष बसून, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही, लिहून देते की,

माझे यजमान विमानतळावर उड्डाणाचे आराखडे करतात. हवालदारांनी विचारले, "म्हणजे विमान चालवतात?" चालवत नाहीत. त्यांना सायकलवरही तोल सांभाळताना घाम फुटतो. विमान कोणत्या वाटेने जाणार, इंधन किती लागणार आणि त्या वाटेवर कोणत्या उंचीच्या खाली यायचे नाही, हे कागदावर काढून देणे एवढेच त्यांचे काम.

ती उंची काढायची रीत अशी. वाटेच्या दोन्ही अंगांना काही मैलांची पट्टी धरायची. त्या पट्टीत सगळ्यांत उंच काय आहे ते शोधायचे, मग ती टेकडी असो, मनोरा असो की कुणाची पाण्याची टाकी. त्याच्या उंचीवर हजार फूट चढवायचे. आकडा अधलामधला आला तर पुढच्या शंभरावर न्यायचा, मागच्यावर कधीच आणायचा नाही. उतरताना विमानाला खाली यावेच लागते, तेव्हा हजार परवडत नाहीत, म्हणून तिथे तीनशे धरतात. हे हजार आणि हे तीनशे कुणी वापरायचे नसतात. ते चुकांसाठी राखलेले असतात. थंडीत उंची दाखवणारे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. टेकडीवरचा वारा विमानाला खाली दाबतो. चालवणाऱ्याचा अंदाज हुकतो. ते सगळे त्यातून भागवायचे.

हवालदार म्हणाले, "बाई, तुम्हाला हे सगळं पाठ कसं?"

लग्न झाल्यापासून दुसरे काही ऐकायला मिळाले असते तर तेही पाठ झाले असते.

ही रीत यजमानांनी घरातही लागू केली आहे. आमच्याकडची कपडे वाळत घालायची दोरी, आजवर घरात आलेल्या सर्वांत उंच पाहुण्याच्या डोक्यावर एक हात, या हिशेबाने बांधलेली आहे. तो पाहुणा एकदाच आला होता, आणि तोही बसूनच होता. मी रोज स्टुलावर चढते. पुढच्या शंभरावर न्यायची सवय ते बाजारातही पाळतात, म्हणून त्यांना मी बाजारात पाठवत नाही. रंग आणायला ते मला न विचारता गेले, ही माझी स्वतःची वेगळी तक्रार आहे. तिचा या गुन्ह्याशी संबंध नाही, पण ती नोंदवून ठेवावी.

आता फिर्यादींविषयी. भाऊजींचे विमानतळासमोरच्या टेकडीवर लॉज आहे. पूर्वी बैठे होते, मग दुमजली झाले, गेल्या वर्षी तिसरा मजला चढला. पायथ्यापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत साठ फूट. त्यानंतर त्या गच्चीवर फोनच्या कंपनीला जागा भाड्याने दिली आणि कंपनीने तिथे लोखंडी टॉवर उभा केला. नव्वद फूट.

(आतून: "ब्याण्णव!" घेतलेले नाही.)

नियम असा आहे की शंभर फुटांवरचे काहीही बांधायचे झाले तर विमानतळाला आधी कळवायचे. भाऊजी नियम पाळणारे गृहस्थ आहेत. इमारतीचा कागद त्यांनी बांधकामाच्या कचेरीत दिला, उंची साठ फूट. टॉवरचा कागद फोनवाल्या खात्याच्या कचेरीत दिला, उंची नव्वद फूट. साठ शंभराच्या आत. नव्वदही शंभराच्या आत. या दोन्ही कचेऱ्या एकाच इमारतीत आहेत, एक खाली, एक वर. साठ फुटांचा कागद खालच्या मजल्यावर आहे आणि नव्वद फुटांचा वरच्या. मध्ये फक्त एक जिना आहे, पण बेरीज करायला कुणी त्या जिन्यावरून चढत नाही.

हे मी भाऊजींना तेव्हाच बोलले होते. संभाषण असे झाले.

"वहिनी, सगळं नियमात आहे. साठ काय, नव्वद काय, शंभराच्या आतच ना?"

"आणि एकाच्या डोक्यावर दुसरं उभं राहिलं की?"

"एकाच्या डोक्यावर दुसरं, असं फॉर्मात विचारलेलंच नाही."

"विमान फॉर्म वाचून येतं का, भाऊजी?"

"तुम्ही ना, दादाच्या संगतीनं बिघडलात."

यावर भाऊजी आत्ता बाकावरून म्हणत आहेत की असे काही बोलणे झाल्याचे त्यांना आठवत नाही. न आठवणेही शंभराच्या आतच असावे.

यजमानांनी हा टॉवर पहिल्या दिवशी पाहिला तो आमच्या अंगणातून, दात घासताना. तसेच तोंडात फेस घेऊन ते कचेरीत गेले. टेकडी नकाशात आहे, दोन हजार नऊशे फूट, म्हणून तिथली कमीत कमी उंची तीन हजार नऊशे धरलेली आहे. लॉज आणि टॉवर मिळून आणखी दीडशे. म्हणजे चार हजार पन्नास, वर नेऊन चार हजार शंभर. त्यांनी आराखड्यात तसे घातले. विमानतळाच्या व्यवस्थापकांनी ते खोडले. चार हजार शंभरावर आमच्याकडे वर्षातले निम्मे दिवस ढग असतो. ढगातून धावपट्टी दिसत नाही. दिसली नाही तर विमान शेजारच्या शहरात उतरवावे लागते. आणि उतारूंना तिथून बसने आणायचा खर्च व्यवस्थापकांच्या नावावर पडतो. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, हजारातले दीडशे गेले, साडेआठशे उरले. साडेआठशे काय थोडे झाले?"

या ठिकाणी मला एक गोष्ट लिहायची आहे. हवालदार म्हणतात विषयांतर होते. होऊ द्या, शाई माझी आहे.

माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पिठाचा एक डबा असतो. तो रोजच्या वापराचा नाही. एकदा अचानक माणसे आली म्हणून तो डबा काढला, तर तळाशी मूठभर पीठ. मी घरात सगळ्यांना उभे केले. प्रत्येकाने एकदाच, एकच वाटी घेतली होती, आणि प्रत्येकाला वाटले होते की डबा भरलेला आहे, एका वाटीने काय होते. चोर म्हणावा असा एकही माणूस सापडला नाही. त्या दिवशी पाहुणे मात्र उपाशी गेले.

हजार फुटांचे तसेच आहे, आणि उतरतानाच्या तीनशेंचे तर अगदीच तसे आहे. भाऊजींनी त्यातून दीडशेची एक मोठी वाटी घेतली. थंडी एक घेते, वारा एक घेतो, व्यवस्थापक बसचे पैसे वाचवायला एक घेतात. सगळी सज्जन माणसे आहेत.

यजमानांनी राजधानीतल्या नकाशा कचेरीला पत्र लिहिले. उत्तर आले की अडथळ्याची उंची मालकाच्या सहीने उलट टपाली कळवावी. मालक सख्खा भाऊ. भाऊजींनी सही करून दिली, एक नव्हे, दोन: इमारत साठ, टॉवर नव्वद. नकाशा कचेरीने आभार मानले आणि कळवले की दोन्ही अडथळे शंभर फुटांच्या आतले असल्याने नोंद करण्याचे कारण दिसत नाही. पत्रावर शिक्का सुबक होता. तेव्हापासून आमच्या गावात एक टॉवर आहे, जो भाजीवालीला दिसतो, शाळेतल्या मुलांना दिसतो, मला स्टुलावरून कपडे वाळत घालताना दिसतो, आणि सरकारला दिसत नाही.

हवालदारांनी विचारले, मग इतके दिवस काही कसे झाले नाही. त्याचे कारण आमचे नेहमीचे वैमानिक. त्यांना सगळे म्हातारबा म्हणतात. म्हातारबा त्या टेकडीला लांबून वळसा घालतात. नकाशा पाहून नव्हे. त्या लॉजवर त्यांना एकदा शिळे जेवण वाढले होते आणि त्यांनी त्या दिशेला पुन्हा तोंड करणार नाही अशी शपथ घेतली आहे. इतके दिवस या गावाची विमाने शिळ्या जेवणाच्या कृपेने सुखरूप उतरली. देव कोणत्या रूपाने राखतो ते आपल्याला कळत नाही, हे मी नेहमी म्हणते.

आज म्हातारबा गुडघ्यामुळे रजेवर आहेत. संध्याकाळचे विमान नवा वैमानिक आणतो आहे. तो परगावचा आहे, ही टेकडी त्याने कधी पाहिलेली नाही, आणि यजमानांच्या म्हणण्याप्रमाणे तो शिस्तीचा आहे, म्हणजे कागदावर असेल तसेच करतो. म्हणजे आज पहिल्यांदाच नकाशावर विश्वास ठेवणारा माणूस येतो आहे, आणि नेमका तोच धोक्यात आहे.

त्या विमानात माझ्या जाऊबाई आहेत. मोठ्या शहरात डोळ्याची शस्त्रक्रिया करून परत येत आहेत. तिकीट भाऊजींनीच काढले आहे, खिडकीजवळचे. एका डोळ्याला पट्टी असताना खिडकी कशाला ते विचारू नये. माझे आणि जाऊबाईंचे लॉजचा तिसरा मजला झाल्यापासून बोलणे नाही. त्या मला म्हणाल्या होत्या की, "आता तुमचं घर आमच्या गच्चीवरून काडेपेटीएवढं दिसतं हो." मी म्हणाले की, काडेपेटीपासून जपून राहावे. तेव्हापासून नाही. त्या जायच्या दिवशी विमानतळावर गार वारा होता, म्हणून माझी शाल मी त्यांच्या खांद्यावर टाकली. त्याला बोलणे म्हणत नाहीत. शाल चांगली आहे, एकदाच धुतलेली. ती परत यावी एवढाच माझा या प्रकरणात संबंध आहे, असे लिहिले तरी चालेल.

आज सकाळी यजमानांनी आराखड्यात पुन्हा चार हजार शंभर घातले. व्यवस्थापकांनी पुन्हा खोडले. यजमान घरी आले, हातपाय धुतले, आणि रंगाचे डबे उचलले. मी विचारले, "कुठे?"

"टेकडीवर."

"कशाला?"

"नकाशात चढत नाही, तर निदान डोळ्यांना दिसेल असा करतो. लाल-पांढरे पट्टे. वर दिवा."

"भाऊजींना विचारलंत?"

"विचारलं तर नाही म्हणेल. मग नाही म्हटल्यावर चढलो असं होईल. आत्ता नुसतं चढलो असं होईल."

"जेवून जा," असे मी म्हणाले. आरोपीला गुन्ह्याआधी जेवू घातले हे मी मान्य करते. उंचीवर चढणारा माणूस रिकाम्या पोटी नसावा.

पुढचे मी जवळून पाहिलेले नाही, पण अंगणातून स्टुलावर उभी राहून पाहिले. यजमान गच्चीवरून टॉवरवर चढले. रंगाआधी त्यांनी मोजपट्टी लावली. याला म्हणतात स्वभाव. मग खालून लाल रंग द्यायला सुरुवात केली. सायकलवर घाम फुटणारा माणूस, डबा दोरखंडाला बांधून, एका हाताने लोखंड धरून. मी नामस्मरण करत होते. किती वेळ ते लिहीत नाही. लाल रंगाचा पहिला पट्टा झाला, आणि खाली लॉजच्या पाहुण्यांपैकी कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर थेंब पडला. सदरेवाल्याने भाऊजींना बोलावले, भाऊजींनी पोलिसांना बोलावले, पोलिसांनी यजमानांना खाली बोलावले. दिवा बांधायचा राहिला.

गुन्हा म्हणून हवालदारांनी लिहिले आहे: परवानगीविना प्रवेश, मालमत्ता विद्रूप करणे, आणि फोनच्या सेवेत अडथळा आणण्याचा हेतू. विद्रूप या शब्दाबद्दल मला म्हणायचे आहे की त्या टॉवरला आज पहिल्यांदा काहीतरी रूप आले.

प्रश्न: आरोपीचा हेतू काय होता?
उत्तर: जो टॉवर सगळ्यांना दिसतो तो विमान चालवणाऱ्यालाही दिसावा.

प्रश्न: दोघा भावांत पूर्वीचे वैर आहे काय?
उत्तर: नाही. लहानपणी यजमानांनी भाऊजींना झाडावर चढायला शिकवले. भाऊजी चढतच राहिले.

या ठिकाणी मी हवालदारांना विनंती केली की विमानतळावर फोन करून नव्या वैमानिकाला वायरलेसवर टॉवरची कल्पना द्यायला सांगावे. हवालदार भले आहेत, त्यांनी लगेच फोन लावला. फोन व्यवस्थापकांनी घेतला. त्यांचा आवाज मोठा असल्याने मला इकडे ऐकू येत होते.

"कसला टॉवर?" व्यवस्थापक म्हणाले.

"टेकडीवरचा, साहेब. तुमच्या खिडकीतून दिसत असेल."

"खिडकीतून दिसतो हो. नकाशात नाही. वायरलेसवरचा माणूस आराखड्यात लिहिलं असेल तेवढंच वाचून दाखवतो. आराखड्यात घालायचं तर आधार लागतो. तुम्ही लेखी पाठवा."

"विमान तासाभरात येईल, साहेब."

"मग लवकर पाठवा."

हवालदारांनी फोन ठेवला आणि काही वेळ माझ्याकडे न पाहता पेन्सिलीला टोक करत राहिले. पेन्सिलीला टोक आधीच होते.

मी म्हणाले, "मग तो दिवा तरी नेऊन गच्चीवर लावा. टेबलावर सहाशे पन्नासाचा दिवा नुसता पडला आहे."

"बाई, तो मुद्देमाल आहे. तो हलवता येत नाही. फिर्याद मागे घेतली तर गोष्ट वेगळी."

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिले. भाऊजी म्हणाले, "दादानं रंग पुसून द्यावा, लेखी माफी मागावी, मग बघू. टॉवरवाल्या कंपनीला मी काय तोंड दाखवू?"

आतून यजमान म्हणाले, "रंग तेलाचा आहे. पुसला जात नाही."

"बघा वहिनी, बघा! अजून मस्ती गेलेली नाही."

मी म्हणाले, "भाऊजी, बाहेर बघा जरा."

ठाण्याच्या खिडकीतून टेकडी दिसते. म्हणजे हा जबाब सुरू केला तेव्हा दिसत होती. आता ढग उतरून लॉजच्या गच्चीच्या जरा वरपर्यंत आला होता. टॉवर ढगात होता. दिवे लागायची वेळ झाली होती.

भाऊजी म्हणाले, "आजवर इतकी विमानं आली आणि गेली."

"ती म्हातारबांनी आणली."

"ढग काय रोजच असतो."

"जाऊबाई रोज नसतात."

 हवालदारांनी "पुढे?" असे विचारले, आणि मी पुढचा प्रश्न लिहायला घेतला, तेव्हा विमानाचा आवाज आला.

या ठिकाणी लिहिणे थोडा वेळ थांबले होते.

आवाज धावपट्टीकडून यायला हवा होता. तो टेकडीकडून येत होता. आतल्या खोलीत यजमान गजांना धरून उभे राहिले. ते आवाजावरून उंची ओळखतात. मला वाटायचे उगाच सांगतात. ते म्हणाले, "खाली आहे." मग म्हणाले, "फार खाली आहे." मग आवाज एकदम मोठा झाला, खिडकीची तावदाने थरथरली, टेबलावरचा लाल डबा थोडा सरकला, आणि आवाज वर गेला.

"पट्टी दिसली नाही त्याला," यजमान म्हणाले. "वळून पुन्हा येईल. आता आणखी खाली उतरून बघेल. सगळे तसंच करतात."

नंतर ते भावाशी बोलले. आज दिवसभरात पहिल्यांदाच. त्यांनी आवाज चढवला नाही.

"धाकट्या, दिवा घे."

याच्या पुढचे मला सांगता येत नाही, कारण मी डोळे मिटून देवाचे नाव घेत होते. हवालदारांनाही सांगता येणार नाही, कारण ते पंख्याची पाती मोजत होते, असे त्यांनी स्वतः सांगितले. पंख्याला तीनच पाती आहेत. मी डोळे उघडले तेव्हा बाकावर फिर्यादी नव्हते आणि टेबलावर क्रमांक तीनची वस्तू नव्हती. बाहेर भाऊजींची मोटार सुरू झाली. ती कधी पहिल्या फटक्यात सुरू होत नाही, आज झाली.

त्यानंतर आम्ही तिघेच उरलो. हवालदारांनी विचारायचे सोडून दिले आणि मी लिहायचे. विमान लांब कुठेतरी फिरत होते. हवालदार एकदाच म्हणाले, "घाटाचा रस्ता वळणाचा आहे." यजमान म्हणाले, "त्याला पाठ आहे."  शाल एकदाच धुतलेली आहे.

मग विमान पुन्हा आले. टेकडीकडूनच आले. आवाज वाढत गेला, वाढत गेला, आणि मग एकीकडे कलल्यासारखा झाला, जसे चालता चालता माणूस वाटेतली वस्तू पाहून बाजूला होतो. मग तो विमानतळाकडे गेला आणि बारीक होत थांबला. उतरून थांबला की आणखी कसा, ते कळेपर्यंत आम्ही कुणी जागचे हललो नाही.

फोन वाजला. हवालदारांनी घेतला, ऐकले, आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "उतरलं."

यजमान खाली बसले.

फोन व्यवस्थापकांचाच होता. नव्या वैमानिकाने उतरल्या उतरल्या विचारले म्हणे, की ढगाखाली टेकडीवर एक तांबडा दिवा हलत होता, तो कशाचा, तो माझ्या नकाशात नाही. तो दिसला म्हणूनच मी वळलो, असेही तो म्हणाला. तेव्हा हा दिवा कुणी लावला, कुणाच्या परवानगीने लावला आणि हलता का लावला, याची चौकशी करून व्यवस्थापकांना लेखी कळवावे, अशी त्यांची सूचना आहे. त्यांना ते लवकर हवे आहे.

दिवा हलत होता याचे कारण मी सांगू शकते. दोरखंड, क्रमांक चार, अजून या टेबलावर आहे. बांधायला काही नसल्यामुळे फिर्यादी गच्चीच्या कठड्याशी दिवा डोक्यावर धरून उभे असणार, आणि भरून आलेला हात बदलत असणार. विमान उतरल्याचे त्यांना कुणी कळवलेले नाही. म्हणजे ते अजूनही तसेच उभे असणार.

म्हणून माझी विनंती अशी. फिर्याद मागे घ्यायला फिर्यादी हवेत. फिर्यादी दिवा सोडून खाली यायचे नाहीत. दिवा बांधायला दोरखंड हवा, आणि गाठ मारायला ती येणारा माणूस, जो आत बसला आहे. तरी आरोपीला क्रमांक चार देऊन फिर्यादींकडे पाठवावे. हवालदार म्हणाले, "कुठल्या कलमाखाली पाठवू?" मी म्हणाले, "तपासाच्या." त्यांनी किल्ली काढली आहे.

मी त्यांच्याबरोबर टेकडीवर जाणार नाही. मला विमानतळावर जायचे आहे. जाऊबाईंना एका डोळ्याने पायऱ्या उतरायच्या आहेत आणि न्यायला कुणी नाही, कारण नेणारे गच्चीवर आहेत. मी शाल घ्यायला जात आहे.

वरील सर्व मी हवालदारांना आणि गजांपलीकडे आरोपीला मोठ्याने वाचून दाखवले. हवालदारांनी मान्य केले, फक्त पंख्याच्या पात्यांचे वाक्य गाळावे असे सुचवले. ते मी ठेवले आहे. आरोपीने एकच दुरुस्ती लावून धरली. त्यांनी आज स्वतः मोजून पाहिले आहे, म्हणून ती घेते: टॉवर नव्वद फूट नसून ब्याण्णव फूट आहे. बाकी जे आहे ते मी पाहिले, ऐकले किंवा सोसले तसेच आहे, आणि जिथे लिहिणे थांबले होते ती जागा मुद्दाम रिकामी सोडलेली आहे.

या जबाबाची एक प्रत नकाशा कचेरीला पाठवावी. साठ अधिक ब्याण्णव एकशे बावन्न होतात. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे वर नेऊन दोनशे धरावेत. हा आकडा नकाशात चढवला की नाही, ते उलट टपाली कळवावे. उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडत आहे, तो दुसऱ्या कामाला वापरू नये. कळेपर्यंत आमच्या घरात दिवा धरायला दोन भाऊ आहेत, त्यांच्या पाळ्या मी लावून देईन.